पासवर्ड खिशात घालून गेलेल्या सर्व्हरवाल्यास खुले पत्र

सर्व्हरवाले साहेब,

नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द गाळला आहे, तो चुकून राहिलेला नाही.

तुमचं नाव, तुमच्या दुकानाचं नाव आणि तुमचा फोन नंबर या पत्रात मुद्दाम घालत नाही. तुमच्यासारखेच काम करणारे आणखीही काही लोक चंद्रपूर-गडचिरोलीच्या तालुक्यातालुक्यांत गाडीवरून फिरतात, सहकारी संस्थांची, पतसंस्थांची, बचत गटांच्या संघांची दारं ठोठावतात. पत्र त्यांनीही आपल्याच नावाचं समजून वाचावं. तुम्ही मात्र पहिल्या चार ओळींतच स्वतःला ओळखाल.

आमची संस्था जिवतीची. खाली गडचांदूरला सिमेंटचे कारखाने, वर माणिकगडचा डोंगर आणि डोंगरावर आम्ही. सभासद कोण, तर गुड्यावरचे कोलाम आणि गोंड, तांड्यावरचे बंजारा आणि मराठवाड्यातून पोटासाठी येऊन इथलेच झालेले शेतकरी. पऱ्हाटी आणि तूर यांवर वर्ष काढायचं. मृगाच्या तोंडावर बी-बियाणं आणि खत उधारीवर न्यायचं, कापूस विकला की फेडायचं. या उधारीचा आणि फेडीचा हिशेब हाच आमच्या संस्थेचा जीव आहे. कुणाकडे किती बाकी, कुणाचा भाग किती, कुणाची ठेव किती, हे तीन आकडे बरोबर असतील तर संस्था आहे. ते चुकले तर तिथे फक्त पत्र्याची शेड उरते.

तो हिशेब तुमच्या हाती दिला. तुम्ही एक काळा डबा टेबलाखाली ठेवलात आणि सगळ्या संचालकांसमोर सांगितलंत, 'लिनक्स टाकून देतो, व्हायरस लागत नाही, कायमचं काम होऊन जाईल.' यातलं लिनक्सबद्दलचं बोलणं मोठ्या अंशी बरोबर होतं. 1991 साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं ते काम आज जगातल्या बहुतेक मोठ्या सर्व्हरांखाली आहे. तुम्ही टाकलेलं डेबियन हे लिनक्सचंच एक रूप, 1993 पासून स्वयंसेवकांनी सांभाळलेलं; हिशेब साठवणारी मारियाडीबी ही डेटाबेस 2009 पासूनची. मायएसक्यूएल ही आधीची डेटाबेस एका मोठ्या कंपनीच्या ताब्यात जाणार असं दिसल्यावर तिच्या मूळ कर्त्यानेच मारियाडीबी ही शाखा वेगळी काढली, ती सर्वांसाठी खुली राहावी म्हणून. म्हणजे माल चोख होता. त्या मालाचं तुम्ही काय केलंत, ते आता लिहितो.

पहिली गोष्ट तुमच्या बिलाची. त्यात एक ओळ आहे: 'ऑपरेटिंग सिस्टिम लायसन्स, वार्षिक'. समोर पाच आकडी रक्कम. डेबियनचं वार्षिक लायसन्स नावाची वस्तू जगात कुठेही विकत मिळत नाही, कारण ती नाहीच. तुमच्या श्रमाचे पैसे मागायला आमची कधी हरकत नव्हती. घाट चढून आलात, दिवसभर बसलात, त्याची मजुरी घ्या. चांगली घ्या. खुल्या सॉफ्टवेअरचा परवानाही सेवेचे पैसे घ्यायला कुठे आडकाठी करत नाही. पण फुकट दिलेल्या वस्तूवर दरवर्षीचं भाडं लावणं ही मजुरी नव्हे. त्याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

हिशेबाचं जे सॉफ्टवेअर तुम्ही 'आमच्या कंपनीने बनवलं' म्हणून दाखवलंत, तेही तुमचं नाही. फायली उघडून पाहिल्या. वरच्या पडद्यावरचं नाव पुसून तुमच्या दुकानाचं नाव चिकटवलेलं आहे, आतमध्ये मूळ कर्त्यांची नावं आणि जीपीएल परवाना जसाच्या तसा पडून आहे. हा परवाना सांगतो की ज्याला प्रोग्राम दिला, त्याला मागितल्यावर त्याचा सोर्स कोडही द्यायचा, बदल केले असतील तर त्यांच्यासह. आम्ही मागितला. तुम्ही म्हणालात, 'ते कंपनीचं सिक्रेट असतं.' दुसऱ्याने सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं काम तुमचं सिक्रेट कसं झालं, याचं उत्तर लेखी द्या.

आता नावांकडे येतो. याबद्दल माफी नाही.

नोंदी सुरू झाल्या आणि आमच्या ऑपरेटर मुलीने पहिल्याच दिवशी दाखवलं की सभासदाचं नाव मराठीत टाइप केलं, सेव्ह केलं आणि पुन्हा उघडलं की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. तिने तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, 'फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, डेटा आत बरोबर जातोय, पुढच्या खेपेला फॉन्ट टाकून देतो.' महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे उत्तर पटतं, कारण कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांच्या काळात एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर खरोखरच फॉन्टअभावी वाचता येत नसे. तिलाही पटलं. ती महिनोन्‌महिने नोंदी करत राहिली.

फॉन्टचा काहीही प्रॉब्लेम नव्हता. कुठल्या तरी जुन्या गिऱ्हाइकाचा टेबलांचा आराखडा तुम्ही जसाच्या तसा आमच्या यंत्रात ओतला होता, आणि त्यात प्रत्येक टेबलावर 'लॅटिन-1' असं लिहिलेलं होतं. त्या अक्षरसंचात सगळी मिळून 256 चिन्हांची जागा असते, ती पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी. देवनागरीचं एकही अक्षर त्यात मावत नाही. मारियाडीबी अशा वेळी नोंद नाकारते आणि चूक दाखवते. 10.2.4 या आवृत्तीपासून ही कडक तपासणी आपोआप चालू असते. तुम्हाला ती चूक दिसली असणार, कारण तुम्ही ती तपासणीच बंद करून ठेवलीत. सेटिंगच्या फाइलमध्ये ती ओळ तुमच्या हातची आहे. तपासणी बंद झाल्यावर यंत्राने काय केलं? न मावणारं प्रत्येक अक्षर टाकून दिलं आणि त्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं. पडद्यावर नव्हे, डिस्कवर. नाव आत गेलंच नाही.

याचा अर्थ आमच्या गावात काय होतो ते बघा. यंत्र अक्षर वेगळं मोजतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतं. टेकाम म्हणजे पाच चिन्हं. सिडामही पाच. मडावी पाच, कुमरे पाच. आत्राम आणि कोडापे सहा-सहा. म्हणजे टेकाम, सिडाम, मडावी आणि कुमरे या चार घराण्यांची माणसं तुमच्या सर्व्हरमध्ये एकाच नावाची झाली: पाच प्रश्नचिन्हं. जिथे एकेका गुड्यावर एकाच आडनावाची घरंच्या घरं आहेत, जिथे बापाच्या नावावरून माणूस ओळखायचा, तिथे तुम्ही बापाचं नावही पुसलंत. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर या बाजूच्या गावांत लोकांकडे महाराष्ट्राचेही कागद आहेत आणि तेलंगणचेही. एकाच माणसाचं नाव एका कागदावर मराठीत आणि दुसऱ्यावर तेलुगूत असतं. दोन राज्यांच्या ओढाताणीत ज्या माणसाला आपण कोण हे आयुष्यभर सिद्ध करावं लागतं, त्याला निदान त्याच्या स्वतःच्या संस्थेत स्वतःच्या नावाने खातं हवं होतं. त्यासाठी फक्त 'यूटीएफ-8 एमबी-4' हा अक्षरसंच निवडायचा होता. मराठी आणि तेलुगू दोन्ही त्यात आरामात राहतात. डेबियनमधली मारियाडीबी नव्या डेटाबेसला तो आपणहून लावून देते. म्हणजे तुम्ही नुसतं काही केलं नसतंत तरी नावं वाचली असती.

यानंतर वीज. जिवतीत लाईन जाते हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही आमच्याकडे बसलेले असतानाही ती गेली होती. तरी तुम्ही यूपीएस दिला नाहीत. तेवढंच केलं असतंत तर एक वेळ चाललं असतं, कारण चांगल्या डेटाबेसला असा झटका सोसता यावा अशीच तिची रचना असते. व्यवहार पक्का झाला की ती आधी आपल्या नोंदवहीत लिहून तो डिस्कवर उतरवते आणि मगच 'झालं' म्हणते. शिवाय 16 केबीचं एकेक पान मूळ जागी लिहिण्याआधी त्याची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवते (याला डबलराइट म्हणतात), म्हणजे अर्ध्यात वीज गेली आणि पान अर्धं जुनं, अर्धं नवं राहिलं तर ती प्रत कामी येते. तुम्ही या दोन्ही गोष्टी बंद केल्यात. कशासाठी? नोंदी भराभर पडतात असं संचालकांना दाखवण्यासाठी. दिवसाला शेदोनशे पावत्या फाडणाऱ्या संस्थेला कुठली एवढी घाई होती?

वळवाच्या पहिल्या वादळात लाईन गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी सर्व्हर उठेना. मारियाडीबी सुरू व्हायची आणि पानं खराब असल्याचा संदेश देऊन बंद पडायची. तुम्हाला फोन केला, तर तुमचं पहिलं वाक्य होतं, 'एएमसी (वार्षिक देखभालीची रक्कम) भरलेली नाही.' दुसरं वाक्य होतं, 'रूटचा पासवर्ड देता येत नाही, ती आमची पॉलिसी आहे.' बॅकअपचं विचारलं तेव्हा म्हणालात, 'रोज होतो, मशीनमध्येच आहे.' होता खरा. ज्या डिस्कवर डेटा, त्याच डिस्कवर बॅकअप. आणि त्या बॅकअपमध्येही नावांच्या जागी प्रश्नचिन्हंच होती, कारण जे आत नाही ते बाहेर कुठून येणार?

विहीर खणून द्यायची, मजुरी घ्यायची आणि जाताना दोर-बादली घेऊन जायचं, मग दर घागरीला पैसे मागायचे. तुमचा धंदा हा आहे.

हा धंदा या मुलखाला नवा नाही, म्हणून राग अधिक येतो. आमचा हा डोंगर निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली हा डोंगर ज्यात होता तो राजुरा तालुका मुंबई राज्यात आला आणि 1959 साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. डोंगराच्या पलीकडे जोडेघाटला 1940 साली निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारच्या कामावर आलेल्या मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या गोंडांच्या जमिनी सावकारांच्या आणि बाहेरून आलेल्यांच्या हातात कशा गेल्या हे तपशीलवार लिहून ठेवलं आहे. कर्ज घेणाऱ्याला लिहिता-वाचता येत नाही आणि हिशेबाची वही देणाऱ्याच्या घरी असते, एवढ्यावर ते सगळं चालायचं. पश्चिम महाराष्ट्रात 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरातून काय बाहेर काढलं? कर्जाचे कागद. काढले आणि जाळले. त्यानंतर 1879 साली इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात सावकाराने कुळाला पैसे भरल्याची पावती आणि खात्याचा उतारा दिला पाहिजे, असं बंधन घातलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या सावकारावरही हिशेब दाखवण्याची सक्ती होती. तुम्ही मात्र आमचा हिशेब आमच्यापासून कुलूपबंद ठेवून त्याला पॉलिसी म्हणता.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 तुम्ही वाचला नसेल. त्याचं कलम 32 सभासदाला संस्थेची पुस्तकं आणि स्वतःचे व्यवहार पाहण्याचा हक्क देतं. कलम 81 प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण होतं. पुस्तकं संस्थेची असतात. ती कागदावर असोत की डिस्कवर, त्यांच्यावर बाहेरच्या माणसाची कुठलीही पॉलिसी चालत नाही.

तुमच्या पासवर्डवाचून आमचं अडलं नाही, हेही कळवतो. यंत्र समोर असेल आणि डिस्कला कुलूप घातलेलं नसेल तर डेबियनमध्ये पेन ड्राइव्हवरून शिरून नवा पासवर्ड लावता येतो. ही चोरवाट नाही, यंत्राच्या मालकासाठी ठेवलेली वाट आहे आणि ती सगळ्यांना वाचायला मिळते. राजुऱ्याच्या कॉलेजात शिकलेल्या इथल्याच एका पोराने हे काम केलं. त्याने आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून दिली. मग नकलेवर 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' ही बिघडलेली डेटाबेस उघडण्याची सेटिंग 1 पासून एकेक पायरी वर नेली. 4 किंवा त्याच्या पुढे गेलं तर डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून नकलेवरच काम करायचं, हे तो आम्हाला समजावून सांगत होता. तुम्ही एकदाही काही समजावलं नव्हतंत. रकमा आणि तारखा बऱ्याचशा निघाल्या. नावं निघाली नाहीत. ती आमच्या लाल कापडाच्या बांधणीच्या खतावणीतून आणि सभासदांनी घरी जपून ठेवलेल्या पावत्यांवरून पुन्हा भरली. म्हाताऱ्या बायका लुगड्याच्या पदराला बांधलेल्या पावत्या घेऊन आल्या. तुमच्या सर्व्हरपेक्षा त्या पदरांनी संस्थेचा हिशेब नीट सांभाळला होता.

उघडं दार सापडलं तेही याच वेळी. तुम्हाला घरबसल्या आत शिरता यावं म्हणून राऊटरवर 3306 क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या जगाला खुला ठेवला होता, डेटाबेस सगळ्या पत्त्यांवर ऐकत होती आणि तिच्या रूट खात्याचा पासवर्ड होता एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. 2020 साली अशाच इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आणि कच्चे पासवर्ड असलेल्या मायएसक्यूएल सर्व्हरांमध्ये शिरून डेटा उचलणाऱ्या आणि खंडणी मागणाऱ्या टोळीचा छडा सुरक्षा संशोधकांनी लावला. निदान 85,000 सर्व्हर तिच्या तडाख्यात सापडले होते. आमचा वाचला तो तुमच्या हुशारीने नव्हे. मूळ डेबियनमध्ये मारियाडीबी फक्त स्वतःच्या यंत्राचंच ऐकते. ते दार तुम्ही आपल्या हाताने उघडलंत.

आता सर्व्हर त्याच काळ्या डब्यात आहे. वर तेच डेबियन, तीच मारियाडीबी. ती कार्यालयाच्या जाळ्यापलीकडे कुणाचं ऐकत नाही. नोंदी करणाऱ्या खात्याला टेबलं पुसण्याचा अधिकार नाही. तपासणी चालू आहे, डबलराइट चालू आहे, पावत्या तरीही भराभर फाटतात. यूपीएसची बॅटरी उतरली की तो सर्व्हरला इशारा देतो आणि सर्व्हर स्वतः शांतपणे बंद होतो. रोज संध्याकाळी डेटाबेसचा डम्प (पूर्ण नक्कल) निघतो, तो दोन पेन ड्राइव्हवर आळीपाळीने जातो आणि त्यातला एक नेहमी गडचांदूरला असतो. महिन्याच्या शेवटी तो डम्प दुसऱ्या जुन्या यंत्रावर उतरवून तेरीज काढतो आणि मूळ तेरजेशी ताडतो. जमा आणि नावे जुळली तरच त्याला बॅकअप म्हणायचं, असं आता ऑपरेटर मुलगीच सगळ्यांना सांगते. पासवर्ड कागदावर लिहून, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांनी लाखबंद करून तिजोरीत ठेवला आहे. यातलं कुठलंही काम तुमच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं.

तुमच्यासारख्यांना यापुढे कामं आणखी मिळणार आहेत, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावं लागलं. 29 जून 2022 रोजी केंद्र सरकारने देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, 2,516 कोटींची. त्या संस्थांना एकच सामाईक सॉफ्टवेअर मिळेल. पण ज्या त्या यादीत बसत नाहीत त्या दूध संस्था, मजूर संस्था, महिला संघ, तेंदू आणि बांबूचा पैसा सांभाळणाऱ्या ग्रामसभा, यांना आपापला संगणकवाला शोधावा लागणार. 2011 साली मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क मिळवला. त्यानंतर गडचिरोलीच्या कितीतरी ग्रामसभांच्या हाती मोठ्या रकमा येऊ लागल्या. या लोकांनी जंगलाचा हक्क मिळवायला अर्धं आयुष्य घातलं आहे. त्यांच्या हिशेबावर तुम्ही कुलूप घातलंत तर तो हक्क पुन्हा दुसऱ्याच्या खिशात गेला म्हणून समजा.

अशा संस्थांच्या सचिवांना आणि अध्यक्षांना माझी विनंती आहे. खुली प्रणाली बिनधास्त घ्या, ती चांगली आहे आणि तुमच्यासारख्यांसाठीच मोकळी ठेवलेली आहे. पण शेवटचं बिल देण्याआधी प्रणाली बसवणाऱ्याला समोर बसवा. एका सभासदाचं नाव मराठीत घाला आणि यंत्र बंद करून पुन्हा उघडून पाहा. कालचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून दाखवायला सांगा. सोर्स कोड आणि सगळे पासवर्ड सही घेऊन ताब्यात घ्या. त्याने टाळाटाळ केली तर चेक फाडू नका.

आणि साहेब, तुमच्यासाठी: तुम्ही पाठवलेलं यंदाचं लायसन्सचं आणि एएमसीचं बिल संचालक मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. ते देऊ नये आणि गेल्या वर्षी लायसन्स म्हणून घेतलेली रक्कम परत मागावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला आहे. त्याची प्रत रजिस्टर पोस्टाने तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर गेली आहे.

संस्थेचा सचिव,
जिवती, जि. चंद्रपूर